नील यंग, मॅसी हॉल, १९७१ : एकट्या गिटारवरचा अल्बम कसा ऐकावा

१९ जानेवारी १९७१ या दिवशी कॅनडातल्या टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये गायक-गिटारवादक नील यंगचे लागोपाठ दोन कार्यक्रम झाले. वय २५. सोबत बँड नाही, कोरस नाही, ड्रम नाहीत. एक ॲकूस्टिक (विजेशिवाय वाजणारी) गिटार, एक पियानो आणि तो. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण झालं, फिती कपाटात गेल्या आणि तब्बल ३६ वर्षांनी, २००७ साली, 'लाइव्ह ॲट मॅसी हॉल १९७१' या नावाने अल्बम बाजारात आला. सुमारे ६८ मिनिटांचा ऐवज आहे. इंग्रजी फोक-रॉक कधीच न ऐकलेल्या माणसाला सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून हाच अल्बम हातात ठेवतो.

पण तो नुसता हातात ठेवून भागत नाही, कारण पहिल्यांदा ऐकताना बऱ्याच जणांना वाटतं, "यात काय विशेष? एक माणूस गिटार वाजवून गातोय." अगदी रास्त शंका आहे. एक माणूस आणि एक वाद्य यांच्या बळावर तासाभराहून जास्त वेळ सभागृह धरून ठेवायचं म्हणजे नेमकं काय करावं लागतं, त्याचं ध्वनिमुद्रण इतकं अवघड का असतं आणि हीच गाणी स्टुडिओत गेल्यावर वेगळी का ऐकू येतात, हे कळलं की त्या ६८ मिनिटांत काय काय चाललंय ते दिसू लागतं.

थोडी पार्श्वभूमी लागेल. १९६५च्या आसपास अमेरिकेत लोकगीतांच्या वळणाची गाणी रॉकच्या वाद्यमेळावर गायली जाऊ लागली. इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम हा थाट रॉकचा. पण शब्दांना महत्त्व, साधी चाल आणि गोष्ट सांगण्याची रीत लोकगीतांची. यालाच फोक-रॉक म्हणू लागले. नील यंग मूळचा टोरोंटोचा. तिथल्या यॉर्कव्हिल भागातल्या कॉफीहाउसांमध्ये तो एकट्याने गाऊन पाहत होता, पण कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९६६च्या सुरुवातीला शववाहिका म्हणून बनवलेली एक जुनी पॉन्टिॲक गाडी घेऊन तो लॉस एंजेलिसला गेला. तिथे 'बफेलो स्प्रिंगफील्ड' हा बँड जमला, मोडला. मग स्वतःचे अल्बम, 'क्रेझी हॉर्स' या बँडबरोबरचं दणदणीत इलेक्ट्रिक काम आणि क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश या तिघांबरोबरची चौकडी. सप्टेंबर १९७०मध्ये 'आफ्टर द गोल्ड रश' आला आणि त्याचं नाव सगळीकडे झालं. पाच वर्षांपूर्वी ज्या गावाने त्याला विचारलं नव्हतं, त्याच गावातल्या सर्वांत नावाजलेल्या सभागृहात तो आता एकटा बसला होता.

बसला होता, हा तपशील महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियात त्याने एक मोठं रँच विकत घेतलं होतं. तिथे लाकडाच्या जड फळ्या हलवताना त्याची पाठ दुखावली, मणक्याची चकती सरकली. कमरेला पट्टा होता, जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून उभं राहणं जमत नव्हतं. त्याने स्वतः नंतर सांगितलं आहे की त्या सबंध एकट्याच्या दौऱ्यात तो बसून वाजवत होता, त्याचं कारण हेच. पुढे ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली. म्हणजे या अल्बमची शांत, बैठी तब्येत अंशतः शरीराच्या नाइलाजातून आली आहे.

गिटार एकटी कशी पुरते

बँडमध्ये कामं वाटलेली असतात. ड्रम लय धरतो, बेस-गिटार खालचे सूर देऊन गाण्याला पाया देते, दुसरी गिटार किंवा पियानो मधली जागा भरतो, आणि गायक फक्त गातो. एकट्या माणसाला हे सगळं दोन हात आणि एका गळ्यात बसवावं लागतं. ॲकूस्टिक गिटारला सहा तारा असतात. त्यातल्या जाड तारा खालचे सूर देतात, बारीक तारा वरचे. उजव्या हाताने आधी जाड तार छेडायची, मग बारीक तारांवर फटका मारायचा, असं आलटून पालटून केलं की ऐकणाऱ्याच्या कानात दोन वाद्यं तयार होतात, एक पायाचं आणि एक वरचं. त्यात तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज मध्येच दाबला की 'ठक्' असा कोरडा नाद येतो आणि तोच ड्रमचं काम करतो.

यंगचा उजवा हात या कामात फार ताकदीचा आहे. लोक त्याच्या चिरक्या, उंच आवाजाबद्दल बोलतात, गिटारवादक म्हणून त्याची कीर्ती इलेक्ट्रिक गिटारच्या लांबलचक, खरखरीत तुकड्यांसाठी आहे. पण मला त्याचं सर्वांत मोठं वादन या अल्बममध्ये वाटतं, आणि ते उजव्या हातात आहे. डावा हात बऱ्याच वेळा साधेच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, धरतो. लय कुठे दाबायची, कुठे सोडायची, शब्द महत्त्वाचा आला की तारांचा आवाज किती उतरवायचा, हे सगळं उजवा ठरवतो. 'ओल्ड मॅन' नीट ऐका. कडव्याला गिटार जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर आहे आणि ध्रुवपदाला तीच गिटार दुप्पट मोठी वाटते. मधे कुणी नवं वाद्य आलेलं नाही.

दुसरी गोष्ट तारा लावण्याची. गिटारच्या तारा साधारणपणे जाडीपासून बारकीपर्यंत इ, ए, डी, जी, बी, इ अशा लावतात. यंग काही गाण्यांसाठी दोन्ही टोकांच्या 'इ' तारा एकेक स्वर उतरवून 'डी'वर आणतो. 'डी' हा षड्ज धरला, तर उघड्या तारा सा, प, सा, म, ध, सा अशा होतात. सर्वांत जाड तार सा, सर्वांत बारीक तारही सा, आणि मधे आणखी एक सा. डाव्या हाताची बोटं मधल्या तारांवर काहीही करोत, कडेच्या तारा मोकळ्या सोडल्या की षड्ज वाजत राहतो. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. स्थिर सुरावर चाल तरंगली की एकटा आवाज उघडा पडत नाही. 'डोन्ट लेट इट ब्रिंग यू डाउन' या गाण्यात तो याच्याही पुढे जातो आणि असं लावलेलं सबंध वाद्यच आणखी एक स्वर खाली उतरवतो. तारा सैल झाल्यामुळे त्यांचा नाद जरा ढिला, खोल, किंचित घरघरता होतो. गाणं रात्रीच्या शहराचं, थंडीचं आणि उजाड रस्त्याचं आहे. तो रंग शब्दांआधी तारांतूनच येतो.

आता एक गाणं अगदी जवळून पाहू. 'द नीडल अँड द डॅमेज डन' जेमतेम दोन मिनिटांचं आहे. विषय हेरॉइनचा. त्याच्या ओळखीतले, त्याच्या बरोबर वाजवणारे लोक या व्यसनात सापडलेले तो पाहत होता. मॅसी हॉलमध्ये गाण्याआधी तो थोडं बोलतो: कॅनडा सोडून दक्षिणेला गेल्यावर बरंच काही कळलं, त्यातलं काही चांगलं आणि काही वाईट, अनेक मोठे वादक प्रसिद्ध होण्याआधी पाहायला मिळाले, आणि असेही पाहिले जे तुमच्यापर्यंत कधी पोहोचलेच नाहीत, आणि त्याचं कारण हेरॉइन. कुणाचंही नाव घेत नाही. मग गिटार सुरू होते.

त्या गिटारमध्ये वरचे सूर फारसे हलत नाहीत, खालचा सूर मात्र एकेक पायरी उतरतो. 'डी' पुन्हा षड्ज धरा: सा, मग कोमल नी, मग शुद्ध ध, मग कोमल ध. चार पायऱ्या, आणि शेवटच्या दोन अगदी चिकटून. पेटी हाताशी असेल तर हे चार सूर खर्जात सावकाश वाजवून पाहा. शुद्ध धैवतावरून कोमलावर येताना पोटात काहीतरी घसरल्यासारखं होतं. माणूस हळूहळू खाली जातोय हे सांगणाऱ्या गाण्यात वाद्यही खालीच जातंय, आणि ते इतक्या साध्या रीतीने की ऐकणाऱ्याला कळतही नाही. मागे बँड असता तर हा उतार बेस-गिटारकडे गेला असता, ड्रमच्या आवाजात मिसळला असता. इथे त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकायलाच नाही.

या गाण्याबाबत यंगचाही तोच निर्णय झाला. १९७२च्या 'हार्वेस्ट' या स्टुडिओ-अल्बममध्ये बाकी गाण्यांना बँड आहे, दोन गाण्यांना तर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, पण हे गाणं मात्र त्याने एकट्याच्या गिटारवरच ठेवलं. तेही स्टुडिओतलं नव्हे. ३० जानेवारी १९७१ला, मॅसी हॉलनंतर ११ दिवसांनी, लॉस एंजेलिसच्या रॉयस हॉलमधल्या कार्यक्रमातलं. 'हार्वेस्ट'मध्ये शेवटच्या टाळ्या ऐकू येतात आणि त्या पुऱ्या होण्याआधीच पुढचं गाणं सुरू होतं. क्रेझी हॉर्समधला त्याचा गिटारवादक मित्र डॅनी व्हिटन नोव्हेंबर १९७२मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेला. मॅसी हॉलची रात्र झाली तेव्हा तो हयात होता. हे माहीत असेल तर त्या दोन मिनिटांचं वजन वेगळंच होतं.

सोलो काढून टाकल्यावर काय उरतं

१९६९च्या अल्बममधली 'डाउन बाय द रिव्हर' आणि 'काउगर्ल इन द सँड' ही दोन गाणी क्रेझी हॉर्सबरोबरची. पहिलं नऊ मिनिटांच्या वर, दुसरं दहाच्या. त्यातला मोठा भाग म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचे सोलो, म्हणजे गाणं थांबवून एकट्या गिटारने पुढे येऊन वाजवलेले लांब तुकडे. यंग एखाद्या सुरावर घणाचे घाव घातल्यासारखा पुनःपुन्हा आदळतो आणि बँड खाली तोच ठेका अखंड फिरवत राहतो. लोकांच्या लेखी ही गाणी म्हणजे ते सोलो. मॅसी हॉलमध्ये तो दोन्ही गाणी एकट्या ॲकूस्टिक गिटारवर गातो आणि प्रत्येक चार मिनिटांच्या आसपास संपवतो.

मला हा या अल्बमचा सर्वांत धाडसी भाग वाटतो. ज्या गोष्टीसाठी गाणं गाजलं तीच काढून टाकायची. 'डाउन बाय द रिव्हर'मध्ये एक माणूस नदीकाठी आपल्या प्रेयसीला गोळी घातल्याचं सांगतो. अशी खुनाची गाणी ही अमेरिकन आणि ब्रिटिश लोकगीतांतली फार जुनी जात आहे; वर्षानुवर्षं लोक ती साध्या वाद्यावर, फार भाव न ओतता गात आले. बँडबरोबर ऐकताना सोलोच्या धुमाळीत ते शब्द मागे पडतात आणि आपण डोलत राहतो. एकट्या आवाजात मात्र तो माणूस काय सांगतोय ते टाळता येत नाही. रॉकचे कपडे उतरवल्यावर आतून लोकगीत निघतं, आणि फोक-रॉकमधला 'फोक' कुठे बसलाय ते इथे सरळ कानाला कळतं.

'ओहायो'चंही तसंच. ४ मे १९७०ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं चालू असताना नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. त्याच महिन्यात चौकडीने हे गाणं मुद्रित केलं, जूनमध्ये ते बाजारात होतं. मूळ ध्वनिमुद्रण म्हणजे चार आवाजांचा मोर्चाच आहे. टोरोंटोत तेव्हा सक्तीची लष्करभरती टाळण्यासाठी सीमा ओलांडून आलेले हजारो अमेरिकन तरुण राहत होते. त्या गावात, घटनेनंतर नऊ महिन्यांच्या आत, एकट्या गळ्यातून आलेला हा आवाज मोर्चाचा राहत नाही, एका साक्षीदाराचा होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. १९८९पासून एमटीव्हीच्या कार्यक्रमामुळे 'अनप्लग्ड' हा प्रकार आपल्याकडेही ओळखीचा झाला. पण तिथे बहुधा बँड असतोच, फक्त वाद्यं ॲकूस्टिक असतात. कामाची वाटणी तशीच राहते. मॅसी हॉलचा मामला वेगळा आहे. यात चूक झाली तर सावरून घ्यायला शेजारी कुणी नाही. त्याची भरपाई एका स्वातंत्र्याने होते: लय फक्त त्याचीच असल्यामुळे ओळ संपल्यावर तो अर्धी मात्रा जास्त थांबू शकतो, शब्द लवकर आला तर गिटार त्याच्या मागून जाऊ शकते. पियानोवरच्या गाण्यांत, विशेषतः 'जर्नी थ्रू द पास्ट' आणि 'सी द स्काय अबाउट टू रेन'मध्ये, हे सैल चालणं फार सुंदर आहे.

माइक, सभागृह आणि टाळ्या

एकच माणूस मुद्रित करायचा तर सोपं असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात ते अवघड असतं, कारण लपायला जागा नसते.

साधारण रचना अशी: एक माइक तोंडासमोर, एक गिटारसमोर, आणि सभागृहाकडे तोंड केलेले आणखी काही. अडचण ही की गाणारं तोंड आणि वाजणारी गिटार यांच्यात हातभराचंच अंतर. तोंडाचा आवाज गिटारच्या माइकमध्ये शिरतो, गिटारचा तोंडाच्या माइकमध्ये. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटर जायला त्याला सेकंदाचा एक हजारावा भाग लागतो. तोच शब्द एका माइकपर्यंत आधी आणि दुसऱ्यापर्यंत असा एक-दोन हजारांश सेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही एकत्र मिसळले की काही कंपनं एकमेकांना खोडतात आणि आवाज पोकळ, डबीतून आल्यासारखा होऊ शकतो. त्यामुळे माइक कुठे आणि किती तिरका ठेवायचा यात बोटभराचा फरकही कानाला कळतो.

याचा दुसरा परिणाम आपल्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे. आवाज आणि गिटार एकमेकांच्या माइकमध्ये मिसळलेले असल्यामुळे नंतर स्टुडिओत बसून एखादी ओळ पुन्हा गाऊन चिकटवणं जवळपास अशक्य होतं. जुन्या ओळीची सावली गिटारच्या ट्रॅकमध्ये उरतेच. बँडच्या लाइव्ह अल्बमांत अशी डागडुजी बऱ्याच वेळा होते. एकट्याच्या ॲकूस्टिक मुद्रणात जे झालं तेच बहुधा ठेवावं लागतं. म्हणून या अल्बममध्ये ऐकू येणाऱ्या श्वासावर, किंचित घसरलेल्या सुरावर माझा भरवसा बसतो.

सभागृह स्वतःही एक वाद्य असतं. मॅसी हॉल १८९४ साली उघडलं. शेतीची अवजारं बनवणारे उद्योगपती हार्ट मॅसी यांनी ते बांधून शहराला दिलं. खाली बैठक, वर दोन सज्जे, मिळून २,७०० हून थोड्या जास्त खुर्च्या. मंचावरचा सूर भिंतींवर, छतावर आपटून थोड्या उशिराने परततो आणि गिटारच्या सुराला शेपूट लावतो. भरलेल्या सभागृहात माणसं, त्यांचे थंडीचे जाड कोट हा आवाज शोषून घेतात, म्हणून शेपूट आखूड होते आणि शब्द स्वच्छ राहतो. हेडफोनवर ऐकाल तर गिटार पुढ्यात आहे आणि तिच्या मागे बरीच मोठी हवा आहे, असं जाणवेल. ती हवा म्हणजेच ते सभागृह.

आणि टाळ्या. लाइव्ह अल्बममधल्या टाळ्या आपण सहसा ऐकून न ऐकल्यासारख्या करतो, पण या अल्बमची अर्धी गोष्ट त्यांत आहे. यंग सुरुवातीलाच सांगतो की आज बरीचशी नवी गाणी गाणार आहे, इतकी लिहून झाली आहेत की गाण्याशिवाय त्यांचं दुसरं काय करावं कळत नाही. पुढचा हिशेब पाहा: अल्बममध्ये १८ गाणी आहेत, त्यांतली १० तेव्हा कुठल्याच तबकडीवर आलेली नव्हती. 'ओल्ड मॅन' सुरू होताना टाळी नाही. 'हार्ट ऑफ गोल्ड' सुरू होतं तेव्हाही नाही. ते तर स्वतंत्र गाणंही नाही, 'अ मॅन नीड्स अ मेड' या पियानोवरच्या गाण्याच्या पोटात जोडलेला तुकडा आहे. १४ महिन्यांनी हेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाणार आहे, पुढची ५० वर्षं जगभरातल्या रेडिओवर वाजणार आहे, आणि इथे २,७०० माणसं ते अनोळखी पाहुण्यासारखं ऐकत आहेत. असं दुसरं ध्वनिमुद्रण मला सहज आठवत नाही, जिथे इतकी पुढे अजरामर झालेली गाणी इतक्या कोऱ्या कानांवर पडताना ऐकू येतात.

उलट 'हेल्पलेस'ला पाहा. ते गाणं आधीच आलेलं होतं आणि त्यात उत्तर ओंटारियोतल्या एका गावाचा उल्लेख आहे. यंगचं बालपण ओंटारियोतल्या ओमेमी या छोट्या गावात गेलं. ती ओळ येताच सभागृह उसळतं. अमेरिकेतल्या मुद्रणांत या ओळीला हा प्रतिसाद मिळत नाही. इथे श्रोते गायकाला 'तू आमचा' असं सांगतायत.

छत्तीस वर्षं कपाटात का?

या मुद्रणामागचा माणूस डेव्हिड ब्रिग्ज. कॅलिफोर्नियात टोपँगाच्या रस्त्यावर लिफ्ट मागत चाललेल्या यंगला त्याने गाडीत घेतलं, तिथून ओळख झाली आणि यंगच्या पहिल्या अल्बमपासून तो त्याचा निर्माता राहिला. ब्रिग्जचं ठाम म्हणणं होतं की 'आफ्टर द गोल्ड रश'नंतर पुढचा अल्बम म्हणून मॅसी हॉलचंच मुद्रण बाहेर यावं.

पण यंग तोवर पुढे गेला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला गायक जॉनी कॅशच्या टीव्ही-कार्यक्रमासाठी तो नॅशव्हिलला गेला. तिथे क्वाड्राफोनिक या स्टुडिओत एलियट मेझर या निर्मात्याबरोबर स्थानिक वादक गोळा करून त्याने हीच नवी गाणी मुद्रित करायला घेतली. त्याच कार्यक्रमासाठी आलेले जेम्स टेलर आणि लिंडा रॉनस्टॅट रात्री स्टुडिओत येऊन कोरसला उभे राहिले. 'ओल्ड मॅन'मध्ये बँजोसारखं वाद्य वाजवलंय ते टेलरने. महिनाअखेरीला तो लंडनमध्ये होता आणि 'अ मॅन नीड्स अ मेड' व 'देअर्ज अ वर्ल्ड' ही गाणी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर झाली. नवी गाणी, नवे वादक, नवा आवाज. त्याचं मन तिकडे लागलं. शिवाय एप्रिल १९७१मध्ये चौकडीचा 'फोर वे स्ट्रीट' हा लाइव्ह अल्बम आला, त्यात 'काउगर्ल इन द सँड' आणि 'डोन्ट लेट इट ब्रिंग यू डाउन' एकट्या यंगच्या ॲकूस्टिक गिटारवर होतीच. 'हार्वेस्ट' फेब्रुवारी १९७२मध्ये निघाला आणि प्रचंड खपला. मॅसी हॉल मागे पडला तो पडलाच. ब्रिग्ज १९९५मध्ये वारला. हा अल्बम निघालेला त्याने पाहिला नाही. २००७च्या अल्बमसोबतच्या टिपणात यंगने मोकळेपणाने लिहिलं की ब्रिग्जचा आग्रह का होता हे आता ऐकताना कळतं.

माझं मत बहुतांशी ब्रिग्जच्या बाजूचं आहे. 'अ मॅन नीड्स अ मेड' हे भेदरलेल्या, एकटं पडलेल्या माणसाचं गाणं आहे. पूर्ण वाद्यवृंद मागे उभा राहिला की ते एकटेपण कितीही चांगलं वाजवलं तरी सजवलेलं वाटतं. पियानोवर ते खरं वाटतं. 'देअर्ज अ वर्ल्ड'चंही तेच. 'हार्वेस्ट'मध्ये ते गाणं मला नेहमी फुगलेलं वाटत आलंय, मॅसी हॉलमध्ये ते आपल्या मापात आहे. पण 'हार्ट ऑफ गोल्ड'बाबत यंग बरोबर होता. पियानोवरचा तो तुकडा ऐकून चाल कळते, गाणं अजून सापडलेलं नाही हेही कळतं. पियानोवरून उठवून गिटारवर आणणं, हार्मोनिका जोडणं, केनी बट्रीचा तो संथ, पाय ओढत चालणारा ड्रम आणि बेन कीथची स्टील गिटार, हे सगळं तीन आठवड्यांत घडलं आणि गाणं जागेवर बसलं. दोन्ही मुद्रणं पाठोपाठ ऐका. गाणं लिहून झाल्यावरही त्याचं किती काम उरलेलं असतं, याचं इतकं उघड उदाहरण क्वचित मिळतं.

मॅसी हॉल आवडला तर जवळपासचे आणखी तीन अल्बम आहेत. १९६८च्या नोव्हेंबरमध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरला झालेला 'शुगर माउंटन' आणि १९६९च्या फेब्रुवारीत टोरोंटोच्याच रिव्हरबोट या छोट्या क्लबमधला अल्बम, हे दोन्ही एकट्या गिटारवरचे. त्यांत तो अजून चाचपडतोय, गाण्यांपेक्षा बोलणं जास्त खुसखुशीत आहे. तिसरा २०२१ साली निघालेला 'यंग शेक्सपिअर'. मॅसी हॉलनंतर तीनच दिवसांनी, २२ जानेवारी १९७१ला, कनेटिकटमधल्या स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर थिएटरात तो झाला आणि त्याचं चित्रीकरणही आहे, म्हणजे उजवा हात काय करतो ते डोळ्यांनी पाहता येतं. गाणी बरीचशी तीच आहेत, आवाज मात्र जास्त निवांत. कानाला मॅसी हॉल ठेवा, पण गिटार शिकत असाल तर स्ट्रॅटफर्डच्या चित्रफितीपासून सुरुवात करा.